स्फटिक तापवल्यामुळे तुटला की बीममुळे? टीईएममध्ये विघटन बघणाऱ्यांसाठी धागा

पापुद्रा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, इथे मायक्रोस्कोपीवाले आणि घन-रसायनवाले दोन्ही येतात म्हणून इथेच मांडते.

मी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे ब्रुसाइटच्या पातळ षटकोनी चकत्यांवर काम करतेय. तापवलं की त्यातून पाणी निघून जातं आणि मॅग्नेशियम ऑक्साइड उरतं, वजन साधारण ३१ टक्के कमी होतं. हवेत हे ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास व्हायला लागतं. हे सगळं टीजीएच्या, म्हणजे तापवत तापवत वजन मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखात दिसतंच, पण टीजीए फक्त वजन किती गेलं ते सांगतं, पाणी स्फटिकाच्या कुठल्या भागातून आधी गेलं, कडेपासून की मधून, नवीन ऑक्साइड जुन्या जाळीशी कुठल्या कोनात बसलं, हे त्यातून कळत नाही. ते बघायला टीईएम, म्हणजे पातळ नमुन्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत (बीम) आरपार पाठवणारं मायक्रोस्कोप, हवंच.

अडचण अशी की हीटिंग होल्डर (नमुना धरून तापवणारा भाग) सुरू करायच्या आधीच, खोलीच्या तापमानाला, नुसतं बघत बसलं तरी डिफ्रॅक्शन पॅटर्न, म्हणजे स्फटिकाच्या जाळीमुळे उमटणारी ठिपक्यांची नक्षी, बदलायला लागतो. सी अक्षावरून, म्हणजे चकतीवर सरळ वरून, बघितलं तर ब्रुसाइटचे दोन षटकोन दिसतात, आतला २.७३ अँगस्ट्रॉमचा आणि बाहेरचा १.५७ चा (हे आकडे जाळीतल्या प्रतलांमधल्या अंतराचे, अंतर कमी तितका ठिपका बाहेर; १० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर). थोड्या वेळात आतला फिका होत नाहीसा होतो आणि बाहेरच्याच्या जरा पलीकडे १.४९ ला नवीन षटकोन उगवतो. तो मॅग्नेशियम ऑक्साइडचा. म्हणजे मी ज्याला औष्णिक विघटन म्हणून मोजणार होते ते बीमनेच करून टाकलं.

मग प्रश्न असा की तापवून जे दिसेल त्यातलं उष्णतेचं किती आणि इलेक्ट्रॉनचं किती, हे वेगळं करायचं कसं? आणि बीमने झालेलं विघटन निव्वळ उपद्रव समजून सोडून द्यायचं की त्यातूनही काही शिकता येतं? माझं स्वतःचं मत असं होत चाललंय की टीईएममध्ये बीम हा नुसता प्रकाश नाहीये, तो त्या रिअ‍ॅक्शनमधला एक भागीदार आहे, आणि तापमान जसं आपण प्रत्येक फोटोखाली लिहितो तसा डोसही, म्हणजे दर चौरस अँगस्ट्रॉमवर किती इलेक्ट्रॉन पडले तो आकडा, लिहिलाच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

---

कोनमापक

शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. डोस न लिहिलेला विघटनाचा फोटो बघितला की मला खरंच वाईट वाटतं, कारण मेहनत सगळी केलेली असते आणि तरी तो दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही.

आधी नुकसान कसं होतं ते सांगतो म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. दोन मुख्य मार्ग आहेत. एकात इलेक्ट्रॉन थेट अणूच्या केंद्रकावर आपटून त्याला जागेवरून उडवतो, याला नॉक-ऑन म्हणतात, आणि त्याला एक ठराविक किमान ऊर्जा लागते, त्यामुळे व्होल्टेज उंबरठ्याच्या खाली आणलं की ते जवळजवळ थांबतं. ग्राफीनवाले ८० किलोव्होल्टवर काम करतात ते याचसाठी. दुसरा मार्ग रेडिओलिसिसचा, यात येणारा इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनना उत्तेजित करतो किंवा हाकलतो, बंध तुटतात आणि मग अणू सरकतात. हायड्रॉक्साइड, कार्बोनेट, हॅलाइड, अ‍ॅझाइड, सेंद्रिय स्फटिक, या सगळ्यांना मुख्यतः हाच मारतो.

आता गंमत बघा, दोघांचा उपाय उलटा आहे. व्होल्टेज वाढवलं की रेडिओलिसिस कमी होतं, कारण वेगवान इलेक्ट्रॉन प्रत्येक अणूपाशी कमी रेंगाळतो. १०० वरून ३०० किलोव्होल्टला गेलात तर प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे होणारं आयनीकरण साधारण निम्म्यावर येतं. अर्थात सिग्नलही तसाच घटतो, त्यामुळे एकूण फायदा वाटतो तेवढा मोठा नसतो. पण 'व्होल्टेज कमी म्हणजे सॅम्पल सुरक्षित' हे जे सरसकट सांगितलं जातं ते तुमच्या ब्रुसाइटला लागू नाही. तुम्ही ८० वर गेलात तर ते आणखी लवकर जाईल.

बीममुळे सॅम्पल तापतं का असं विचारणारे पण येतीलच, तर उत्तर असं की पातळ आणि आधाराला नीट टेकलेल्या सॅम्पलमध्ये साध्या करंटला ही वाढ सहसा थोडीच असते. उष्णता न वाहणारा आणि फिल्मला जेमतेम एका कोपऱ्यात टेकलेला कण असेल तर गोष्ट वेगळी. पण ब्रुसाइट खोलीच्या तापमानाला ऑक्साइड होतंय याचं पहिलं कारण मी तापणं धरणार नाही.

डोसचा हिशेब एकदा सगळ्यांनी स्वतः करून बघावा. समजा बीम करंट १ नॅनोअँपिअर आहे आणि तो १ मायक्रॉन व्यासाच्या गोलावर पसरलाय. दर सेकंदाला सुमारे ६०० कोटी इलेक्ट्रॉन आणि क्षेत्रफळ सुमारे ७.८५ कोटी चौरस अँगस्ट्रॉम, म्हणजे चौरस अँगस्ट्रॉमला दर सेकंदाला जवळपास ८० इलेक्ट्रॉन. क्रायो-ईएममध्ये, म्हणजे गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत, प्रथिनांचा आख्खा फोटो सहसा २० ते ५० मध्ये उरकतात. म्हणजे फोकस करता करता सेकंदभरात त्याच्या पलीकडे गेलात.

---

वाचते_फक्त

मी या क्षेत्रातली नाही, पदवीपर्यंत रसायनशास्त्र होतं तेवढंच, पण धागा आवडीने वाचतेय. एक मूलभूत शंका. घन पदार्थ तापवला, वायू निघून गेला, मागे दुसरा घन उरला, यात स्फटिकाच्या आत नक्की बघण्यासारखं काय असतं? आणि ते कळून फायदा कुणाला?

---

पापुद्रा

@वाचते_फक्त ताई, फार छान विचारलंत, कारण मला या विषयाची ओढ लागली ती याच प्रश्नामुळे.

चुनखडीचं उदाहरण घ्या. कॅल्साइटमधून कार्बन डायऑक्साइड गेला की ४४ टक्के वजन जातं आणि चुना उरतो. पण आकारमान बघितलं तर कॅल्साइटच्या एका मोलला ३६.९ घनसेंटिमीटर जागा लागते आणि त्यातून बनलेल्या कॅल्शियम ऑक्साइडला फक्त १६.८. म्हणजे नवीन घनाला जुन्याच्या निम्म्याहून कमी जागा पुरते. तरीही तापवलेला कण बाहेरून बऱ्याचदा जसाच्या तसा दिसतो, तेच पैलू, त्याच कडा. याला स्यूडोमॉर्फ म्हणतात. आता बाहेरचा आकार तोच आणि आतला माल निम्म्याहून कमी, तर उरलेली ५४ टक्के जागा गेली कुठे? ती बारीक बारीक छिद्रांत असते, आणि या छिद्रांमुळेच ताज्या चुन्याचं पृष्ठफळ मोठं असतं, तो पाण्याशी इतक्या जोरात रिअ‍ॅक्ट होतो. जास्त तापवलं की कण एकमेकांत मिसळून जाडे होतात, छिद्रं बुजतात आणि चुना मंद होतो. सिमेंट, उत्प्रेरकांचे आधार, कार्बन डायऑक्साइड शोषणारे पदार्थ, सगळ्यांना ही छिद्रं कशी जन्मतात ते कळायला हवंय.

ब्रुसाइटमध्ये तर अजून सुंदर आहे. त्याची जाळी थरांची असते, एक थर ते पुढचा थर ४.७७ अँगस्ट्रॉम. ऑक्साइड झाल्यावर मॅग्नेशियमच्या थरांमधलं अंतर २.४३ वर येतं, म्हणजे जवळपास निम्मं. थराच्या प्रतलात मात्र जेमतेम ५ टक्के आकुंचन होतं. म्हणून ब्रुसाइटचा थर मॅग्नेशियम ऑक्साइडच्या १११ प्रतलाला (स्फटिकातल्या ठराविक दिशेच्या अणूंच्या थराचं हे नाव) समांतर राहतो आणि षटकोन षटकोनावरच बसतो. जुन्या स्फटिकाची दिशा नव्याला वारशात मिळते, हीच टोपोटॅक्सी. पण जाडीत निम्मं आकुंचन व्हायचं आणि प्रतलात थोडंसं, हा ताण स्फटिकाला झेपत नाही, तो फाटतो, आणि हजारो नॅनोकण एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. डिफ्रॅक्शन बघितलं तर एकच स्फटिक वाटतो आणि इमेजमध्ये बघितलं तर चाळण. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पॅटर्नवरून नजर हटवू शकले नव्हते.

---

वाचते_फक्त

बापरे, बाहेरून तोच स्फटिक आणि आत निम्मी पोकळी! आता पुढचे प्रतिसाद समजून वाचता येतील. धन्यवाद.

---

उष्मामापी

मी टीजीए आणि कायनेटिक्सच्या (रिअ‍ॅक्शनच्या वेगाच्या अभ्यासाच्या) बाजूचा माणूस, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

बीम बाजूला ठेवा, टीईएममधलं तापमानच मुळात आमच्या तापमानाशी जुळत नाही. कॅल्साइट एक वातावरण दाबाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण ८९० ते ९०० अंशांच्या वर गेल्याशिवाय तुटतच नाही, कारण त्याखाली उलटी रिअ‍ॅक्शन जिंकते. वायू सतत उपसून टाकला की तेच विघटन शेकडो अंश खाली सुरू होतं. टीईएमच्या कॉलममध्ये तर सतत पंप चालू आहे, तिथे निघालेला रेणू परत यायचा प्रश्नच नाही. मग तुम्ही ५०० अंशांना चुना होताना बघितला आणि लेखात 'कॅल्साइट ५०० अंशांना विघटित होतं' असं लिहिलं, तर भट्टी चालवणाऱ्याला त्याचा उपयोग काय?

आणि हे फक्त तापमानापुरतं नाही, वायूचा दाब बदलला की आतली रचनासुद्धा बदलते. हायड्रेट्समध्ये स्मिथ-टॉप्ली परिणाम प्रसिद्ध आहे, बाष्पाचा दाब शून्यापासून वाढवत नेला की पाणी जाण्याचा वेग आधी घटतो, मग वाढतो, मग परत घटतो. याचं एक स्पष्टीकरण असं देतात की थोडं बाष्प असलं तर उरलेल्या घनाला स्फटिक बनायला मदत होते आणि वाटा मोकळ्या होतात. निर्वातात मात्र कित्येकदा अस्फटिकी अवशेष मिळतो. म्हणजे व्हॅक्यूममध्ये तुम्ही जी छिद्रं बघता ती भट्टीतली छिद्रं नाहीतच, कदाचित.

जिप्समवाल्यांना तर होल्डर तापवायचीही गरज पडत नाही, निर्वातात ते स्वतःच पाणी सोडत अर्धजलीय रूपाकडे जायला लागतं.

---

कोनमापक

@उष्मामापी राग कशाला, मुद्दा बरोबरच आहे, आणि त्यावर उत्तरंही आहेत.

एक म्हणजे एन्व्हायर्नमेंटल टीईएम. सॅम्पलच्या वर-खाली बारीक भोकं असलेल्या चकत्या आणि टप्प्याटप्प्याने पंप लावून सॅम्पलपाशी काही मिलिबार वायू ठेवता येतो, साधारण २० मिलिबारपर्यंत. दुसरं म्हणजे बंद गॅस सेल, सिलिकॉन नायट्राइडच्या दोन पातळ खिडक्यांमध्ये सॅम्पल आणि वायू कोंडायचा, तिथे एक वातावरणापर्यंत जाता येतं. मग कार्बन डायऑक्साइड सोडा, बाष्प सोडा, आणि तापमान तुमच्या टीजीएशी ताडून बघा. त्याची किंमत अशी की खिडक्यांमुळे आणि वायूमुळे इमेज मऊ पडते, आणि बीम त्या वायूचंही आयनीकरण करतो, म्हणजे आणखी एक भागीदार वाढला. बाष्पात तर जे तयार होतं ते चांगलंच आक्रमक असतं.

पण मला असं वाटतं की आपण टीईएमकडून चुकीची गोष्ट मागतो. वेग आणि सक्रियण ऊर्जा मोजायला टीजीए आहे, हजारो कोटी कणांची सरासरी ते एका आलेखात देतं. टीईएमकडून मागायचं ते म्हणजे सुरुवात कुठे झाली, सीमा कशी सरकली आणि दिशा कुणी कुणाला दिली. तुमच्या आलेखातला वक्र 'न्यूक्लिएशन आणि वाढ' (नव्या घनाची बीजं ठिकठिकाणी उगवून पसरतात) या मॉडेलला बसतो की 'आक्रसणाऱ्या गाभ्या'ला (सीमा बाहेरून आत सरकते), हे कित्येकदा दोन्ही बसतात म्हणून ठरत नाही. तेव्हा एक नीट घेतलेली इमेज ते ठरवते.

---

उष्मामापी

हे मात्र मान्य, मनापासून. वक्र बसला म्हणून यंत्रणा सिद्ध झाली असं लिहिणारे आमच्याकडे खूप आहेत आणि मला त्याचा त्रास होतो. त्याच आकड्यांना तीन-तीन मॉडेल चांगली बसतात आणि सक्रियण ऊर्जा प्रत्येकात वेगळी निघते. तिथे डोळ्यांनी बघितलेला पुरावा हवाच.

---

भेगा

सगळे टीईएमच्याच मागे लागलेत म्हणून एसईएमची, म्हणजे बीम फिरवून पृष्ठभाग दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपची, बाजू मांडते. विघटनाचं जवळजवळ निम्मं काम साध्या एसईएमने आणि साध्या भट्टीने होतं आणि तिथे बीमचा प्रश्न जवळपास येतच नाही.

पद्धत अशी की स्फटिक भट्टीत ठेवायचे, हव्या त्या वायूत तापवायचे, आणि विघटन १० टक्के, ३० टक्के, ६० टक्के झालं असं वजनावरून कळलं की तिथेच थांबवून पटकन थंड करायचे. मग प्रत्येक टप्प्याचे कण फोडून त्यांचा आतला भाग बघायचा. रिअ‍ॅक्शन भट्टीत झाली, बीम नंतर आला, त्यामुळे कारण कुठलं हा वादच राहत नाही. पृष्ठभागावर न्यूक्लियस कुठे उगवलेत, ओरखड्यांवर, डिस्लोकेशन (जाळीतले रेषेसारखे दोष) बाहेर येतात तिथे, की सगळीकडे सारखे, हे इतकं स्पष्ट दिसतं. कडेपासून आत सरकणारी सीमा असेल तर फोडलेल्या कणात बाहेर सच्छिद्र साल आणि आत गुळगुळीत गाभा, दोन्ही एका फोटोत मिळतात. आणि दाण्यांच्या आकाराबद्दल सांगायचं तर एका क्षेत्रात शेकडो कण दिसतात, टीईएममध्ये तुम्ही पाच-सहा कण बघून निष्कर्ष काढता.

मर्यादा पण सांगते. थंड करताना नवीन भेगा पडू शकतात आणि त्या विघटनाच्या समजल्या जातात. ताजं ऑक्साइड हवेत काढलं की बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, कॅल्शियम ऑक्साइड तर फारच, त्यामुळे कोरड्या पेटीतून हलवावं लागतं. चार्जिंग (नमुन्यावर विद्युतभार साचणं) टाळायला सोन्याचा थर दिला तर अगदी बारीक छिद्रं त्याखाली झाकली जातात आणि सोन्याचेच दाणे पोत म्हणून मोजले जातात, त्यापेक्षा थर न देता १ किलोव्होल्टच्या आसपास बघा.

---

पापुद्रा

@भेगा ताई, थर न देता बघायचं लक्षात ठेवते. पण ज्या चकत्या मुळातच ५० नॅनोमीटर जाडीच्या आहेत त्या फोडून आत काय बघणार? तिथे मला टीईएम लागेलच. भट्टीत अर्धवट विघटन करून मग टीईएममध्ये बघणं हा मार्ग मात्र नक्की करणार.

---

पिवळा_थर

सोलर सेलच्या पेरोव्स्काइटवाल्यांचा अनुभव इथे सांगायलाच हवा, कारण आमच्या क्षेत्रात हा प्रश्न फार महागात पडलाय.

मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड उष्णता, बाष्प, प्रकाश, सगळ्यांनी विघटित होतं आणि शेवटी पिवळं लेड आयोडाइड उरतं. साहजिकच टीईएममध्ये बघायची घाई झाली. अडचण अशी की बीमखालीसुद्धा शेवट तोच होतो, आणि वाटेत एक मधली अवस्था येते ज्यात सेंद्रिय भाग आणि थोडं आयोडीन निघून जातं, पण शिशाचा सांगाडा टिकून असतो. प्रकाशित झालेल्या कितीतरी डिफ्रॅक्शन पॅटर्नमध्ये पेरोव्स्काइट म्हणून दाखवलेलं पुढे तपासल्यावर लेड आयोडाइड किंवा अशी अर्धवट गेलेली अवस्था निघाली. खूण सोपी होती, ६ अँगस्ट्रॉमच्या आसपासचे आतले स्पॉट जे असायलाच हवेत ते पॅटर्नमध्ये नव्हते, फक्त ३.१ च्या आसपासचे तीव्र स्पॉट होते, आणि ते दोन्ही पदार्थांना जुळत होते.

म्हणून माझी कळकळीची विनंती, स्पॉट जुळले एवढ्यावर थांबू नका, जे स्पॉट असायला हवेत आणि नाहीत ते आधी शोधा. पापुद्रा यांच्या ब्रुसाइटमध्ये २.७३ चा षटकोन हेच काम करतो. तो जिवंत असेपर्यंतच तुम्ही ब्रुसाइट बघताय.

दुसरं, अगदी कमी डोसला घेतलेला पहिला पॅटर्न हा संदर्भ म्हणून जपून ठेवा. सेंद्रिय आणि अर्धसेंद्रिय स्फटिकांचे बारकावे चौरस अँगस्ट्रॉमला काही मोजक्या इलेक्ट्रॉनांतच जायला लागतात. तरी थेट इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या डिटेक्टरमुळे आता खूप काही शक्य झालंय, झिफ-८ सारख्या धातू-सेंद्रिय जाळीची सुस्पष्ट इमेज २०१७ मध्ये एकूण ४ च्या आसपास डोसला घेतली गेली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणी यावर विश्वास ठेवला नसता.

---

जुनी_पानं

थोडा इतिहास, कारण हा प्रश्न नवा नाही आणि जुन्या लोकांनी तो फार हिमतीने हाताळलाय.

क्नोल आणि रुस्का यांनी पहिलं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप १९३१ मध्ये उभं केलं, रुस्का यांना नोबेल मिळायला १९८६ उजाडलं. १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये बाउडन यांचा गट स्फोटक स्फटिकांचं संथ विघटन अभ्यासत होता, सिल्व्हर अ‍ॅझाइड, लेड अ‍ॅझाइड वगैरे. ही अशी द्रव्यं की जरा जास्त ऊर्जा मिळाली तर स्फोटच. त्यांनी ती मायक्रोस्कोपमध्ये ठेवून बीमनेच विघटन घडवलं आणि सिल्व्हर अ‍ॅझाइडमधून चांदीचे कण कसे उगवतात, कुठल्या दिशेला उगवतात, हे इमेज आणि डिफ्रॅक्शन दोन्हींनी तपासलं.

मला यातलं आवडतं ते हे की त्यांनी बीम लपवला नाही. बीमने होणारं विघटन हाच प्रयोग होता. आणि पापुद्रा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. प्रकाशाने किंवा किरणोत्साराने जे स्फटिक तुटतात त्यांच्यासाठी बीम हा उपद्रव नाही, सिल्व्हर ब्रोमाइडमध्ये चांदी कशी जमा होते, मिठासारख्या हॅलाइडमध्ये हॅलोजन जाऊन धातूचे कण कसे उरतात, हे बीमखाली बघणं म्हणजे त्याच घराण्यातली प्रक्रिया बघणं. फक्त त्याला औष्णिक म्हणू नये.

---

उष्मामापी

@जुनी_पानं वाचून खूप आनंद झाला. अ‍ॅझाइडवर त्या काळातल्या उपकरणांनी काम करायचं म्हणजे काय जिगर असेल. एक जोड देतो, लिथियम बॅटरीच्या कॅथोडमध्येही अशीच गोष्ट आहे. निकेलवाली थरांची ऑक्साइडं चार्ज केलेल्या अवस्थेत तापवली की ऑक्सिजन सोडतात आणि थरांच्या रचनेतून स्पिनेल आणि मग रॉकसॉल्ट या स्फटिकरचनांकडे जातात, सुरुवात पृष्ठभागापासून. सेलला आग लागते तेव्हा हा ऑक्सिजन तिथे हजर असतो. तिथे उष्णता आणि बीम दोघंही पृष्ठभागावर रॉकसॉल्टच बनवू शकतात, त्यामुळे पृष्ठभागावर रॉकसॉल्टची साल दिसली म्हणजे ती बॅटरीतूनच आली असं धरणं धोक्याचं आहे.

---

कोनमापक

आता मूळ प्रश्नाकडे, वेगळं करायचं कसं. मी जे करतो आणि इतरांना करायला लावतो ते सांगतो, जरा लांब होईल.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बीम बंद ठेवून केलेला प्रयोग. हीटिंग चिपवर कण पसरा, अगदी कमी मॅग्निफिकेशनला एक नकाशा घ्या, बीम ब्लँक करा (नमुन्यावर पडू देऊ नका), तापमान चढवा, ठरलेला वेळ थांबा, खाली आणा, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा बीम बघणाऱ्या कणांचा फोटो घ्या. हे कण आणि सतत बीमखाली असलेले शेजारचे कण सारखे दिसले तर उष्णतेचं वर्चस्व आहे असं म्हणता येईल. वेगळे दिसले तर तो फरक हाच निष्कर्ष. हा कंट्रोल नसेल तर मी बाकीचं वाचत नाही.

दुसरं, एकच तापमान आणि निदान तीन वेगवेगळे डोस रेट. विघटनाचा वेग डोस रेटच्या समोर मांडा आणि रेषा शून्य डोसपर्यंत मागे न्या. शून्यापाशी जो वेग उरतो तो उष्णतेचा. पण सावध, काही पदार्थांत एकूण डोस तोच ठेवून रेट बदलला तरी परिणाम बदलतो, कारण तुटलेल्या तुकड्यांना निसटायला किंवा परत जोडायला वेळ मिळतो की नाही यावर ते ठरतं. रेषा सरळ नसेल तर जबरदस्ती सरळ करू नका.

तिसरं, फोकस आणि झोन अक्ष (स्फटिक बीमशी नेमक्या दिशेला जुळवणं) शेजारच्या कणावर लावायचा, ज्याचा फोटो हवाय त्यावर नाही. लो-डोस मोड यासाठीच असतो. डिफ्रॅक्शनवर काम भागत असेल तर इमेजच्या मागे लागू नका, मायक्रो-ईडीवाले (अगदी बारीक स्फटिकांच्या इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनवरून रचना काढणारे) चौरस अँगस्ट्रॉमला सेकंदाला ०.०१ इलेक्ट्रॉन इतक्या क्षीण बीमवर काम करतात आणि पूर्ण रचना सोडवतात.

चौथं, होल्डरच्या स्क्रीनवर दिसणारं तापमान म्हणजे सॅम्पलचं तापमान नव्हे. माहीत असलेल्या द्रवणांकाने किंवा फेज बदलाने स्वतः तपासा. गॅस सेलमध्ये वायू उष्णता ओढून नेतो, तिथे तर वेगळंच कॅलिब्रेशन लागतं.

थंड करण्याबद्दल, द्रव नायट्रोजनच्या तापमानाला रेडिओलिसिसने झालेले तुकडे जागच्या जागी अडकून राहतात म्हणून रचना जास्त वेळ टिकते, बऱ्याच पदार्थांत काही पट फायदा होतो. तेव्हा भट्टीत अर्धवट विघटन करून थंड होल्डरवर बघणं हे ब्रुसाइटसाठी मला सगळ्यात चांगलं वाटतं. बंध तुटणं मात्र थांबत नाही, तेही ध्यानात ठेवा.

---

पिवळा_थर

यात ईल्सची भर घाला, म्हणजे नमुन्यातून जाताना इलेक्ट्रॉननी किती ऊर्जा गमावली त्याच्या आलेखाची. कार्बोनेटवाल्यांसाठी त्या आलेखात कार्बनच्या कडेवर २९० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचं टोकदार शिखर म्हणजे कार्बोनेट अजून शाबूत आहे. ते ढासळायला लागलं की बीमने काम सुरू केलं. २८५ पाशी वाढ दिसली तर ती सहसा साचलेल्या कार्बनच्या घाणीची, कार्बोनेटची नव्हे. फक्त ईल्सलासुद्धा डोस लागतोच, त्यामुळे तो शेवटी घ्या.

---

पापुद्रा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता मी असं ठरवतेय. आधी टीजीएमध्येच, नायट्रोजनच्या प्रवाहात, वेगवेगळ्या टप्प्यांना थांबवून नमुने काढणार. ते एसईएममध्ये थर न देता आणि टीईएममध्ये थंड होल्डरवर ३०० किलोव्होल्टला बघणार. त्यानंतरच हीटिंग चिपवर, बीम ब्लँक करून आणि बीम चालू ठेवून, दोन्ही. बघायचं मुख्य एकच, ऑक्साइड चकतीच्या कडेपासून आत सरकतं की सगळीकडे एकदम ठिपक्याठिपक्यांनी उगवतं. प्रतलात ५ टक्के आकुंचन आहे, त्यामुळे सीमा सरकत असेल तर तिच्यावर ताणाच्या रेषा दिसायला हव्यात असा माझा अंदाज आहे.

एक शंका राहिली. बीम ब्लँक केलेल्या कंट्रोलमध्येसुद्धा सुरुवातीचा नकाशा घ्यायला थोडा डोस जातोच. तो न घेता कुठला कण आधी कसा होता हे कळणार कसं?

---

कोनमापक

नकाशा अर्ध्याच चिपचा घ्या. चिपवर खिडक्या एकाहून जास्त असतात, एका खिडकीवर सुरुवातीला बीम अजिबात टाकू नका. तिथले कण आधी कसे होते ते तुम्हाला कळणार नाही, पण पन्नासेक कण मिळाले तर अवस्थांची टक्केवारी काढून नकाशा घेतलेल्या खिडकीशी ताडता येते. आणि नकाशाचा डोस किती होता तो लिहून ठेवा, चौरस अँगस्ट्रॉमला ०.१ च्या खाली ठेवता आला तर उत्तम.

---

भेगा

आणि खिडकीची कड टाळा, मधल्या भागातलेच कण मोजा. हीटिंग चिपवर कडेला तापमान कमी असतं, नाहीतर तो फरक बीमच्या नावावर जाईल.

---

पापुद्रा

हे दोन्ही लिहून घेतलं. टीजीएचे नमुने निघाले की आधी आतल्या षटकोनाचे पॅटर्न इथेच टाकते, डोस आणि तापमान दोन्हींसकट.